सिकेरीचा किनारा : पाच खेळ, एक दिवस

फेब्रुवारीत भाचीनं मला गोव्याला नेलं तेव्हा मी मनात आग्वादचा किल्ला धरून निघालो होतो. तिच्या मनात ‘वॉटर स्पोर्ट्स’ होते. चोर्ल्याचा घाट उतरता उतरता आमच्या वाटाघाटी झाल्या. सकाळी समुद्र आणि दुपारनंतर किल्ला, असं ठरलं. प्रत्यक्षात दिवसभर समुद्रच झाला आणि किल्ला मी पाहिला तो वरून, दोरीला टांगलेल्या अवस्थेत. मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा हशा पिकला. पण त्या दिवशी जे जे दिसलं ते लिहून द्या असंही सगळ्यांनी धरलं, म्हणून हे टिपण.

आधी एक कबुली. आम्ही बेळगावची माणसं गोव्याला पिढ्यान्‌पिढ्या जातो, पण समुद्रात जात नाही. माझ्या लहानपणी गोव्याची सहल म्हणजे मंगेशी, शांतादुर्गा, जेवण आणि मग चार वाजता कळंगुट. तिथं बायका साडी घोट्याच्या वर धरून उभ्या राहायच्या, पुरुष पँट दुमडायचे, लाट आली की सगळे एकदम ओरडून मागं पळायचे. याला ‘पाय भिजवून येणे’ म्हणत. कोणी गुडघ्याच्या पुढं गेला की आजी हाक मारायची. तिच्या बोलण्यात भीती होती तशी जुनी शिस्तही होती. पर्वकाळ सोडून समुद्राला शिवू नये, असा संकेत धर्मशास्त्रातच आहे. समुद्र पूजेचा, दर्शनाचा. खेळायचा नाही. गोव्यातल्या लोकांचं जरा वेगळं. मे महिन्यात खाऱ्या पाण्यात अंघोळी केल्या की अंगदुखी आणि त्वचेचे रोग जातात म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं किनाऱ्यावर येऊन राहायची. ख्रिस्ती घरांत त्याला ‘मुदांसा’ म्हणत, म्हणजे हवापालट. पण तेही औषध होतं. समुद्र हा करमणुकीचा माल आहे ही कल्पना आपल्या बाजूला अगदी अलीकडची.

“मामा, तुम्ही नुसतं इतिहास इतिहास करतासा. एकदा पाण्यात उतरून तर बघा की,” असं भाची म्हणाली. पाच खेळांचं एकत्र तिकीट तिनं आधीच काढलं होतं. भाव सांगत नाही, तो हंगामागणिक आणि गिऱ्हाइकागणिक बदलतो. अर्जात वयाचा रकाना होता. मी खरं वय लिहिलं. काउंटरवरच्या मुलानं एकदा कागदाकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि शिक्का मारला.

बोट साडेआठची होती आणि आम्ही सातलाच कांदोळीच्या वाळूवर. तिथं रांपण ओढणं चाललं होतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रांपण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं अजस्र जाळं. मालवणकडं त्याला रापण म्हणतात. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती राहतो. होडी जाळं सोडत सोडत आत जाते, मोठा अर्धगोल घेते आणि दुसरा दोर घेऊन बऱ्याच अंतरावर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या दोन रांगा लागतात आणि ओढत ओढत एकमेकींच्या जवळ सरकत जातात. तास-दोन तास, कधी जास्त. जाळ्याची मधली झोळी वाळूला लागेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. मासळी निघाली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. एकट्यादुकट्याला हा धंदा करताच येत नाही. सगळा वाडा लागतो.

त्या दिवशी वाडा नव्हता. प्रत्येक दोरावर जेमतेम बारा-तेरा माणसं, निम्मी पन्नाशीच्या पुढची, दोन बायका आणि मजा म्हणून हात लावणारे चार परदेशी पाहुणे. त्यांतल्या एकाची बायको फोटो काढत होती. मीही चप्पल काढून दोराला हात घातला. ओला नायलॉनचा दोर तळव्यातून सरकला की काय होतं ते दिवसभर पुरलं. झोळी आली तेव्हा थोडे बांगडे, तारले आणि बरंच प्लॅस्टिक. हा खेळ आमच्या तिकिटात नव्हता, पण त्या दिवसाचा पहिला खेळ मी हाच मोजतो.

हे असं बारा-तेरा माणसांवर का आलं याचा इतिहास फार जुना नाही. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर मासेमारीचं यांत्रिकीकरण हे सरकारी धोरण ठरलं. यांत्रिक ट्रॉलरना कर्ज आणि अनुदान मिळू लागलं. कोळंबीला परदेशात भाव होता आणि कोळंबी मिळते किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, म्हणजे नेमकी रांपणकारांच्या अंगणात. ट्रॉलर तळ खरवडत जायचे. रांपणीची जाळी फाटायची, मासळीचं बी मरायचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर रांपणकार रस्त्यावर आले. मोर्चे, उपोषणं, समुद्रात मारामाऱ्या, जाळपोळ, सगळं झालं. ‘गोंयच्या रांपणकारांचो एकवट’ या संघटनेनं ते आंदोलन चालवलं. त्यातलं सर्वांत ठळक नाव मातानी साल्ढाणा, मूळचे शिक्षक आणि पुढं आमदार-मंत्री. याच चळवळीच्या रेट्यानं देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांचा मंच उभा राहिला. १९८०मध्ये गोवा, दमण आणि दीवसाठी सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला आणि किनाऱ्यालगतचं पाणी यांत्रिक बोटींना बंद करण्याचं तत्त्व मान्य झालं. कायदा झाला, अंमल मात्र फार कमी झाला. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं यातली वेळ बघा. रांपणकार ट्रॉलरशी झगडत होते त्याच वर्षांत मागच्या बाजूनं वाळूवर दुसरंच कोणी येऊन बसत होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले, ते कळंगुट, बागा, हणजूण या बाजूला झोपड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहिले. १९७४मध्ये सिकेरीला, आग्वाद किल्ल्याच्या समुद्रालगतच्या बुरुजाशेजारी, ताजचं पंचतारांकित हॉटेल उभं राहिलं. १९८३च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेच्या पुढाऱ्यांना विश्रांतीसाठी गोव्यात आणलं ते इथंच. त्यानंतर चार्टर विमानं. म्हणजे रांपणकारांनी पाणी राखायला मोर्चे काढले, आणि पाण्याचा निकाल लागायच्या आत जमिनीचा लागून गेला.

साडेआठला बोट सुटली. ग्रांद बेटाकडं जाणाऱ्या बोटी समुद्रकिनाऱ्यावरून सुटत नाहीत. नेरूलच्या खाडीच्या बाजूच्या धक्क्यावरून निघतात, मांडवीच्या मुखातून बाहेर पडतात आणि आग्वादच्या डोंगराला वळसा घालतात. बोटीवर तीसेक पर्यटक, गाणी आणि हातात माइक घेतलेला एक पोरगा. त्यानं डॉल्फिन दाखवले. एका धनिकाचा बंगला दाखवला आणि त्यात कुठल्या सिनेमाचं चित्रीकरण झालं ते सांगितलं. मग पाण्याच्या कडेला असलेल्या दगडी भिंतीकडं हात करून म्हणाला, “आणि ही जेल, आता म्युझियम झालंय.” पुढचं गाणं लागलं.

मला मात्र आमच्या गल्लीतले गुरुजी आठवले. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. १९५५च्या १५ ऑगस्टला देशभरातले सत्याग्रही ठिकठिकाणाहून गोव्याच्या हद्दीत शिरले. आपल्या बाजूचे बरेच जण रेल्वेनं कॅसलरॉकपर्यंत गेले. त्या दिवशी पत्रादेवी आणि इतर ठिकाणी पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसं गेली. गुरुजी वाचले. बेदम मार खाऊन त्यांना हद्दीबाहेर टाकण्यात आलं, तसं शेकडोंना टाकलं होतं. त्याच्या आधी पकडलेल्या पुढाऱ्यांना मात्र लांबलचक शिक्षा झाल्या. नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये या सगळ्यांनी आग्वादच्या कोठड्यांत दिवस काढले. १९५७च्या फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली.

गुरुजी आम्हाला चौथीत असताना सांगायचे, “आम्ही काय समुद्र बघायला गेलो नव्हतो. पण समुद्रापर्यंत पोचायचं एवढं डोक्यात होतं.” समुद्र त्यांनी पाहिला तो मुक्तीनंतर, एसटीनं जाऊन. कळंगुटला उभे राहिले, पाय भिजवले, परत आले. आता त्याच भिंतीजवळून मी केशरी रंगाचं लाइफ जॅकेट घालून, कानांवर डिस्को गाणी घेत चाललो होतो. ओशाळल्यासारखं झालं हे खरं. पण नंतर वाटलं, ज्या समुद्रापर्यंत पोचू दिलं जात नव्हतं, त्यात आज माझी भाची सुट्टीच्या दिवशी डुंबायला जाते, यावर गुरुजींनी तक्रार केली असती असं नाही. गाण्यांवर मात्र नक्की केली असती.

आग्वाद हे नावच पाण्याचं आहे. पोर्तुगीज भाषेत ‘आग्वा’ म्हणजे पाणी. किल्ला १६१२मध्ये पुरा झाला. लिस्बनला निघालेली गलबतं इथं गोडं पाणी भरून घ्यायची आणि त्यासाठी किल्ल्यात लाखो गॅलन पाणी मावेल असं भलं मोठं टाकं बांधलं. १७३९मध्ये मराठी फौजा बार्देशभर पसरल्या, पण आग्वाद हाती लागला नाही. गोडं पाणी आतच होतं आणि समुद्राच्या बाजूनं रसद येत होती, त्यामुळं नवल नाही.

ग्रांद बेट मुरगावच्या समोर. तिथल्या ‘स्कूबा’चं खरं सांगायचं तर मी खोल गेलो नाही. पाच-सहा मीटर असेल. एका तरुण प्रशिक्षकानं माझ्या टाकीचा पट्टा मागून धरून ठेवला होता, एखाद्या पोराची गचांडी धरावी तसा. पाणी गढूळ. ब्रोशरमध्ये दाखवतात तसं निळं काचेसारखं काही नाही, गोव्याच्या नद्या सगळा गाळ इथंच आणून टाकतात. कान दुखले, नाक दाबून फुंकलं, बरं वाटलं. चार-दोन काळे-पिवळे मासे आले आणि गेले. पहिला मिनिटभर मी तोंडानं श्वास घेण्यावरच लक्ष ठेवून होतो. मग एकदम शांत झालं. आपल्याच श्वासाच्या बुडबुड्यांचा आवाज सोडला तर काही नाही.

हे श्वासयंत्र फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमील गान्यां या दोघांनी तयार केलं. गान्यां वायूच्या कंपनीतला इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायच्या तर लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप हवी होती, ती त्यानं केली होती. तीच पाण्याखाली माणसाच्या तोंडाला लावली. त्याच वर्षी आणि त्याच महायुद्धात, मी जिथं बुडी मारली त्याच्या पलीकडं मुरगाव बंदरात एक चमत्कारिक प्रकार घडला. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीची एहरनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखनफेल्स आणि इटलीचं आन्फोरा अशी चार जहाजं इथं आसरा घेऊन पडली होती. एहरनफेल्सवरच्या गुप्त रेडिओवरून पाणबुड्यांना खबर जाते, असा इंग्रजांना संशय होता. तटस्थ बंदरात सैन्य पाठवता येईना. मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले, बहुतेक उतारवयाचे, ऑफिसांतून काम करणारे साहेब लोक एका गाळ काढायच्या बोटीतून आले. ९ मार्च १९४३च्या रात्री त्यांनी एहरनफेल्सवर चढाई केली. बाकीच्या जहाजांच्या लोकांनी आपापली जहाजं स्वतःच बुडवली. १९८०मध्ये यावर ‘द सी वुल्व्ज’ नावाचा इंग्रजी सिनेमा निघाला. माझं वय कागदावर बघून शिक्का मारणाऱ्या मुलाला हे सांगायला हवं होतं.

पण खरा खजिना याच पाण्यात, जवळच आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांपासून मुरगावच्या समोरच्या खडकांवर बुड्या मारून शोध घेतला. सुंची नावाच्या खडकाजवळ सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. त्यांत तोफा, चिनी मातीची भांडी, हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात आहेत. पाणघोडा म्हणजे आफ्रिका, चिनी भांडी म्हणजे पूर्व. एकाच खडकावर दोन्हीकडचा व्यापार येऊन आदळलेला. दुसरं जहाज त्याहून अलीकडचं, सेंट जॉर्ज खडकाजवळचं. त्यात सोनं-नाणं काही नाही. मिळाली ती कौलं. छपराची कौलं, विटा, खांबांचे मातीचे नक्षीदार माथे. आणि त्यांवर शिक्का आहे : बासेल मिशन, १८६५.

हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः छताकडं बघितलं. १८६५ हे जहाज बुडल्याचं वर्ष नव्हे. त्या साली बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेच वर्ष शिक्क्यात राहिलं. त्याआधी आपल्याकडं छप्पर म्हणजे नळीची कौलं नाहीतर गवत. मंगळुरी कौल सपाट, एकात एक अडकणारं. वजनाला हलकं, वाऱ्याला दाद न देणारं. बघता बघता सगळा पश्चिम किनारा आणि घाटावरची आमच्यासारखी पावसाची गावं त्यानं शाकारली गेली. बेळगावच्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांवर अजून तीच कौलं आहेत. म्हणजे ज्या जहाजावर आज मासे राहतात ते कोणाच्या तरी घराचं छप्पर घेऊन निघालं होतं. एवढं मोठं ऐतिहासिक पाणी, पण बोटीवरच्या माइकमधून याबद्दल एक शब्द नाही. पोराचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नाही आणि आपणही आपले निबंध एकमेकांनाच वाचून दाखवतो.

दुपारचे खेळ भराभर झाले. बनाना बोट म्हणजे केळ्याच्या आकाराचा हवेचा फुगा. त्यावर सहा जण बसतात, पुढची मोटरबोट दोरानं ओढते आणि शेवटी मुद्दाम सगळ्यांना पाण्यात पाडते. पडण्यासाठी पैसे देतात हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. जेट स्की अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन या मोटोक्रॉस शर्यतवाल्याच्या डोक्यातून निघाली. मोटरसायकलवरून जमिनीवर आपटून आपटून कंटाळला आणि पाण्यावर आपटलं तर कमी लागेल असं त्याला वाटलं, अशी गोष्ट सांगतात. कावासाकीनं १९७३मध्ये ती बाजारात आणली. गोव्यात मात्र गिऱ्हाइकाला पुढं बसवून मागून एक पोरगा हात लांब करून हँडल स्वतःच धरतो. तिकिटात सांगितलेली मिनिटं आणि मिळालेली मिनिटं यांतलं अंतर मी घड्याळ लावून मोजलं. भाची म्हणाली, “मामा, सोडा की.” सोडलं.

पॅरासेलिंगला टोकन घेऊन पाऊण तास बसलो. टोकन, परवाना, नंबरवारी, कोणती बोट कधी जायची याचा हिशेब. याच पाण्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ चालायचा. त्यांचा परवाना नसेल ते जहाज जप्त. फरक इतकाच की आजचा कार्ताझ स्थानिक बोटवाल्यांनी आपसांत भांडणं होऊ नयेत म्हणून लावलेल्या पाळीचा आहे.

त्या पाऊण तासात बोटीवरच्या एका माणसाशी बोलणं झालं. पंचेचाळिशीचा असेल, जातीनं खारवी. त्याचे वडील याच किनाऱ्यावर रांपण ओढायचे आणि सत्तरच्या दशकातल्या मोर्चांत होते. मी सकाळच्या रांपणीचा विषय काढला आणि आपण इतिहासवाले काढतो तसा हळहळीचा सूर लावला, की एवढी जुनी विद्या संपत चालली, पोरं मोटरबोटीवर आली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “रांपणीला चाळीस माणसं लागतात. चाळीस घरांत वाटा जातो. बांगडो मिळालो तर मिळालो. हांगा बोटीवर आम्ही चौघे, रोजचे रोज पैसे. पावसाळ्यात हे बंद, तेव्हा परत जाळ्यांकडंच जातों.” आणि थोडं थांबून त्यानं विचारलं, “तुमचं शेत आसा?” मी म्हटलं, आहे, थोडं, खानापूर रस्त्याला. “तुमचो पूत करता?” माझा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. तेच सांगितलं. तो हसला नाही. माझ्या जॅकेटचा पट्टा ओढून घट्ट केला आणि म्हणाला, “भियेनाकात. पाय सैल सोडा.”

बोट पुढं गेली, मागचा कप्पीचा दोर सुटत गेला आणि मी वर. पॅरासेल हा मुळात खेळ नव्हताच. साधारण १९६१च्या सुमाराला, म्हणजे गोवा मुक्त होत होता त्याच काळात, पिएर-मार्सेल लेम्वान्य या फ्रेंच माणसानं छत्रीला खाचा पाडून ती ओढली की वर चढेल अशी केली. विमान न उडवता छत्रीधारी शिपायांना जमिनीवर उतरण्याचा सराव देता यावा, हा एक मोठा उपयोग. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या कंपनीनं हक्क विकत घेतले, ‘पॅरासेल’ नाव दिलं आणि सैनिकांची शिकवणी सुट्टीवरच्या लोकांची करमणूक झाली.

वर गेल्यावर आवाज एकदम बंद होतो. इंजिन नाही, गाणी नाहीत. दक्षिणेला आग्वादचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी समुद्रात घुसलेला सिकेरीचा बुरूज, बुरजावर मुंग्यांएवढी माणसं. कारागृह दिसत नाही, ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. उत्तरेला कांदोळी, कळंगुट, बागा सरळ एका रेषेत. २००० सालच्या जूनमध्ये पावसाळी वादळात ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं खनिजवाहू जहाज इथंच वाळूत रुतलं आणि बारा वर्षं सरकारदरबारी कागद हलत असताना ते गंजत राहिलं. त्याच्यामुळं प्रवाह बदलून सिकेरी-कांदोळीची वाळू धुपली, असं इथले लोक सांगतात. आता पाण्यावर त्याची खूण नाही. पाणघोड्याचे दात चारशे वर्षं टिकले, हे जहाज आपल्या डोळ्यांदेखत तुकडे करून भंगारात गेलं.

खाली पाहिलं तर बोटीच्या मागच्या फळीवर तोच खारवी उभा, एक हात दोराच्या चाकावर, मान वर करून दोराकडं बघत. ताण किती, वारा कुठून, माणूस कधी खाली घ्यायचा. सकाळी वाळूवर दोर धरून उभी असलेली म्हातारी माणसंही अशीच बघत होती, माझ्याकडं न बघता, पाण्यात गेलेल्या दोराकडं. माझ्या तळव्यांना सकाळचा दोर अजून चुणचुणत होता. मला खाली घेताना त्यानं गमतीनं पाय पाण्यात बुडवले आणि पुन्हा वर उचललं. पाय भिजवून झाले.

पाचवा खेळ कयाक, सूर्य कलल्यावर, नेरूलच्या खाडीत. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. लाकूड-हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं. आमची प्लॅस्टिकची, पिवळी. तोवर खांदे बोलत नव्हते, त्यामुळं आम्ही फार लांब गेलो नाही. खारफुटीच्या कडेनं जाताना बांध लागला आणि बांधात ‘मानस’ दिसलं. मानस म्हणजे खाजन शेतीचा लाकडी दरवाजा. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ द्यायचं नाही, ओहोटीला आतलं बाहेर सोडायचं, हे सगळं त्या दरवाजावर. गावकऱ्यांच्या संस्थांनी, म्हणजे गावकारींनी, पोर्तुगीज यायच्या आधीपासून हे बांध राखले. या मानशीची एक फळी गेली होती आणि तिथं सिमेंटच्या पोत्यांचा ढीग लावला होता. आतल्या बाजूला भातशेत नव्हतं, पाणी साचलं होतं आणि बगळे होते. भाची म्हणाली, “काय सुंदर आहे ना.” होतंच सुंदर. मी पोत्यांचा फोटो घेतला, तिनं बगळ्यांचा.

परत आल्यावर दोन दिवस हात वर होत नव्हते. तिसऱ्या दिवशी भाचीलाच माळ्यावर चढवली आणि आमच्या जुन्या घराच्या कौलांचे शिक्के बघायला सांगितले. बहुतेक झिजलेले. सहा-सात कौलांवर इंग्रजी अक्षरांत मंगळूर एवढं वाचता आलं, कारखान्याचं नाव वेगळंच, बासेल मिशनचं नव्हे. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात एकच कौल निघालं त्यावर १८६५ स्पष्ट आहे. ते मी खाली काढून ठेवलंय, पुढच्या बैठकीला आणतो.

मंडळाच्या सभासदांना विनंती, की आपापल्या घरांच्या, गोठ्यांच्या, शाळांच्या कौलांवरचे शिक्के उतरवून घ्यावेत किंवा फोटो पाठवावेत. गल्लीचं नाव, घर साधारण कधी बांधलं आणि कौलं कोणत्या वाटेनं आली, रेल्वेनं की बैलगाडीनं, एवढं कळलं तर लिहावं. पावसाळ्याआधी शाकारणी होते तेव्हा जुनी कौलं फोडून टाकतात, त्याच्या आत झालं तर बरं.